पाळण्यातील पाय

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपल्या घराघरांतून मोठ्या प्रेमाने उच्चारली जाते. बाळाने पेन्सिल मुठीत धरली की तो पंडित होणार, आणि चेंडू लाथाडला की तो खेळाडू होणार, असे भविष्य आजी-आजोबा हसत हसत वर्तवितात. त्यात कौतुक असते तोवर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु हीच म्हण जेव्हा निर्णयाचे साधन बनते, तेव्हा तिची परीक्षा घेणे आम्हांस आवश्यक वाटते. या परीक्षेला निमित्त झाली आहे आमच्या विद्यार्थ्यांचीच एक आवडती करमणूक.

संगणकावर व मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत एक निराळा प्रकार आहे. त्यात धावावयाचे नसते, चेंडू फेकावयाचा नसतो. खेळणारा एखाद्या संघाचा व्यवस्थापक होऊन बसतो. खेळाडू शोधतो, घेतो, घडवितो, कोणाला मैदानात उतरवावयाचे व कोणाला बाकावर बसवावयाचे ते ठरवितो. इंग्लंडमध्ये १९९२ साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने असा एक खेळ निघाला आणि त्याच्या निर्मात्यांनी तो पुढे 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने चालविला. अमेरिकेच्या त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलवरही असे खेळ निघाले आहेत. हे फुटबॉल गोव्याच्या वाडीवाडीतून खेळले जाते ते नव्हे. यात लंबगोल चेंडू हाताने फेकतात व छातीशी धरून पळतात. आणि या खेळात सर्वांत अवघड काम कोणते असेल, तर योग्य 'क्वार्टरबॅक' शोधण्याचे.

क्वार्टरबॅक म्हणजे अकरा गड्यांतील सूत्रधार. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू बहुधा त्याच्याच हाती येतो. समोरून दांडगे प्रतिस्पर्धी चाल करून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की चेंडू दूर फेकावा, जवळच्या सोबत्याच्या हाती द्यावा, की स्वतः घेऊन पळावे. त्याचे दंडबळ मोजता येते, धाव मोजता येते, उंची तर मोजपट्टीवरच दिसते. परंतु त्या दोन-तीन सेकंदांत त्याचे मन शांत राहील की नाही, हे मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. म्हणूनच असा खेळाडू हेरणे व त्याला घडविणे हा या व्यवस्थापनाच्या खेळांतील कळीचा प्रश्न होऊन बसतो. उमद्या पोराला पहिल्याच वर्षी लढाईत लोटावे, की अनुभवी खेळाडूच्या सावलीत दोन वर्षे शिकू द्यावे? या विचारात मुले तासन् तास गढून जातात.

या करमणुकीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तिच्यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे. हाती पैसा मोजका असतो, जागा मोजक्या असतात, उतावीळपणाचे फळ पदरात पडते आणि धीराचेही पडते. परंतु तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे. 'फुटबॉल मॅनेजर' या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावामागे दोन आकडे लपवून ठेवलेले असतात. पहिला आजच्या कुवतीचा आणि दुसरा त्याच्या कमाल कुवतीचा. दोन्हींचे माप २०० पर्यंत. काही तरुण खेळाडूंचा दुसरा आकडा खेळ सुरू होताना ठराविक मर्यादांत दैवावर सोडलेला असतो. पण एकदा तो ठरला की ठरला. मग त्या खेळाडूने कितीही कष्ट केले, त्याला गुरू कितीही चांगला लाभला, तरी त्या आकड्याची भिंत त्याला ओलांडता येत नाही. पाळण्यातील पाय येथे नुसते दिसत नाहीत, ते मोजून कायमचे नोंदवून ठेवलेले असतात!

वास्तव जग या हिशेबाने चालत नाही. फ्रेडी अडू नावाच्या मुलाने २००४ साली वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पाऊल टाकले. त्या काळच्या संगणकीय खेळांत तो म्हणजे हमखास रत्न! प्रत्यक्षात मात्र तो एका संघातून दुसऱ्या संघात आणि एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहिला; भाकितातले शिखर काही त्याने गाठले नाही. क्वार्टरबॅकांचेच पाहावयाचे तर अमेरिकेत दरवर्षी नव्या खेळाडूंची वाटणी होते व व्यावसायिक संघ क्रमाक्रमाने आपापली निवड करतात. २००७ साली अगदी पहिला क्रमांक मिळालेला जमार्कस रसेल तीन हंगामांतच संघाबाहेर गेला. उलट २००० साली टॉम ब्रेडीचे नाव पुकारले गेले ते १९९ व्या क्रमांकावर. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. या ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळविले. आणि २००५ साली संघात आलेला ॲरन रॉजर्स ब्रेट फार्व्ह या थोर खेळाडूच्या मागे तीन हंगाम बहुतांशी बाकावरच बसून होता. ती तीन वर्षे वाया गेली असे आज कोणीही म्हणणार नाही.

परंतु यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण काय? आपल्या इंदूर नगरीचा इतिहास याच विषयाने भरलेला आहे. १९२३ साली होळकरांच्या निमंत्रणावरून सी. के. नायडू इंदुरास आले. पुढे १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनीच केले. याच इंदुरात त्यांच्या दृष्टीस एक तेरा वर्षांचा मुलगा पडला. त्याचे नाव सय्यद मुश्ताक अली. नायडूंनी त्याला हाताशी धरले. जानेवारी १९३४ मध्ये कलकत्त्याच्या कसोटीत हा मुलगा भारताकडून प्रथम खेळला तो मुख्यतः डावखुरा मंदगती गोलंदाज म्हणून. आणि अवघ्या अडीच वर्षांनी, १९३६ च्या जुलैत मँचेस्टरला, तोच मुश्ताक विजय मर्चंटसमवेत सलामीला गेला. दोघांनी २०३ धावांची भागीदारी केली. मुश्ताकच्या ११२ धावा हे परदेशात भारतीय फलंदाजाने केलेले पहिले कसोटी शतक ठरले.

यावर कोणी म्हणेल, "पाहा, तेराव्या वर्षीच पाय दिसले की नाही?" आमचे उत्तर असे की, दिसले खरे, पण जे दिसले ते निराळे आणि जे घडले ते निराळे. गोलंदाज म्हणून ज्याची नोंद झाली तो जगाला फलंदाज म्हणून ठाऊक झाला. त्याच्या नावापुढे आरंभीच एखादा कायमचा आकडा लिहिला गेला असता, तर मँचेस्टरचे शतक त्या हिशेबात कोठे बसले असते? शिवाय नायडूंनी त्या मुलाकडे नुसते पाहिले नाही, त्याला आपल्याबरोबर घेतले. पारख हे काम एका क्षणाचे. जोपासना हे काम वर्षांचे.

तयार खेळाडू आणावा की घरचा घडवावा, हा संगणकीय व्यवस्थापकांचा नित्याचा वाद. होळकरांच्या संघाने दोन्ही वाटा चोखाळल्या. सागरचे चंदू सरवटे व कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे बाहेरगावचे गुणी खेळाडू होळकरांकडून खेळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीनिमित्त महूच्या छावणीत होता. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात तो मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळला. दुसऱ्या डावात त्याने नाबाद २४९ धावा केल्या. आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरले! एका पाहुण्या रत्नाने हार गुंफला जात नाही, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्या वर्षापासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत, एक वर्ष वगळता, होळकर संघाने प्रत्येक वेळी अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ अशी चार वेळा विजयश्री मिळविली. अखेरच्या विजयाच्या वेळी नायडूंचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. असे सातत्य वर्षानुवर्षे एकत्र घामाघूम झालेल्या मंडळींनाच साधते.

पुढच्या काळातही हीच साक्ष मिळते. गोरखपूरचा नरेंद्र हिरवाणी क्रिकेट शिकण्यासाठी किशोरवयात इंदुरास आला आणि संजय जगदाळे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १६ बळी घेतले. पहिल्या चार कसोटींत ३६ बळी. उरलेल्या तेरांत मात्र ३०. म्हणजे आरंभीचे यशदेखील भविष्याची हमी देत नाही. आणि आरंभीची उपेक्षा? आपल्या इंदूरच्याच रजत पाटीदारला २०२२ च्या आयपीएल लिलावात कोणीही बोली लावली नाही. एका जखमी खेळाडूच्या जागी त्याला मागाहून बोलाविण्यात आले आणि २५ मे २०२२ रोजी ईडन गार्डन्सवर त्याने नाबाद ११२ धावा ठोकल्या. पुढच्याच महिन्यात बंगळूरला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने १२२ धावा केल्या व मध्य प्रदेशाने तो करंडक प्रथमच जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे १९९८-९९ साली याच बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. ज्या पाटीदारला कोणी घेतले नव्हते, त्याच्याच नेतृत्वाखाली ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या संघाने आयपीएलचे पहिले अजिंक्यपद मिळविले.

कोणी विचारील, मग निवड करूच नये की काय? अवश्य करावी. अकरा जागा असतात, अकराच निवडावे लागतात. एका ब्रेडीमागे शेकडो असे असतात, की जे बाकावरून कधी उठलेच नाहीत, हेही आम्ही विसरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, निवड हा त्या दिवसापुरता निर्णय आहे. माणसाचे अंतिम मोल ठरविणारा न्यायनिवाडा नव्हे.

आम्ही कोकणी भाषा बोलणारी माणसे. आमच्याकडे माडाचे रोप निवडताना जाणती माणसे फार चिकित्सा करतात. चांगला नारळ धरणारा माड कोणता, कोंब लवकर कोणाला फुटला, बुंधा कोणाचा जाड, हे सारे पाहून मगच रोप उचलतात. परंतु रोप लावले की काम संपले असे कोणीही मानीत नाही. पुढे सहा-सात वर्षे पाणी, खत, राखण. तेव्हा कोठे पहिली पोय दिसते. निवडून आणलेले रोप पाण्यावाचून वाळते, आणि उपेक्षित म्हणून विहिरीकाठी टाकलेला नारळ कधी कधी कुळागराची शोभा होतो. आपली शाळा ज्या वसाहतीत आहे तिला नाव मिळाले आहे अन्नपूर्णेचे. अन्नपूर्णा अन्न वाढताना पंक्तीतला कोण पुढे थोर होणार हे विचारीत नाही. ती सर्वांच्या पानावर वाढते. शिक्षणाचे कामही आम्हांस असेच वाटते.

आणि म्हणून हा विषय केवळ खेळाचा राहत नाही. आपल्या समाजात मुलांच्या कपाळी आकडे लिहिण्याची घाई फार. सहावीतील गणिताचे गुण पाहून 'हा काही पुढे जाणार नाही' असे पाहुण्यांसमोर बोलले जाते. 'ही हुशार, तो यथातथाच' अशी भावंडांची वाटणी होते. मूल ते ऐकते आणि, सर्वांत वाईट म्हणजे, त्यावर विश्वास ठेवते. संगणकातील खेळाडूला आपला आकडा ठाऊक नसतो, म्हणून तो निदान निराश तरी होत नाही. आपले मूल मात्र तो रोज ऐकत असते. शिवाय संगणकात नको झालेला खेळाडू बोटाच्या एका स्पर्शाने यादीतून निघून जातो आणि खेळणाऱ्याला त्याचे दुःख नसते. वर्गातील मूल असे कोठे निघून जाणार? ते शेवटच्या बाकावर बसून असते आणि कोणीतरी आपल्याकडे पाहावे याची वाट पाहते.

पालकांस आमची विनंती आहे की, मुलांची परीक्षा जरूर घ्या, पण निकालपत्राखाली 'अद्याप' हा शब्द मनोमन लिहावयास विसरू नका. 'याला गणित येत नाही' आणि 'याला अद्याप गणित येत नाही' या दोन वाक्यांत एका आयुष्याचे अंतर पडू शकते. आम्हां शिक्षकांचे कर्तव्य तर याहून मोठे आहे. पुढच्या बाकावरील तेज कोणालाही दिसते; मागच्या बाकावरील ठिणगी शोधावयास नायडूंची नजर लागते आणि ती फुंकावयास नायडूंचा धीर.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तुमचे खेळ आनंदाने खेळा. पडद्यावरचे क्वार्टरबॅक शोधा, त्यांना घडवा, जिंका, हरा. परंतु पडदा मिटल्यावर एवढे ध्यानात असू द्या, की तुमच्या नावामागे कोणीही कोठेही दुसरा आकडा लिहून ठेवलेला नाही. आज बाकावर बसावे लागले तर बसा, पण डोळे मैदानावर ठेवा आणि शिकत राहा. पाळण्यातले पाय कोणाचे कसे होते, हे फार तर आईला आठवेल. जग पाहते ती पाऊले तुम्ही स्वतः चालून उमटविलेली.