ध्वनिक्षेपकामागचा पहिला स्त्रीस्वर

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. आज क्रिकेटच्या समालोचनात स्त्रीचा स्वर ऐकू आला, तर कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. हे नवल जिच्या धैर्याने पुसण्यास प्रारंभ झाला, त्या प्रा. चंद्रा नायडू यांचे नाव मात्र विजयोत्सवात अभावानेच आठवले गेले.

चंद्राताई म्हणजे कर्नल सी. के. नायडू यांच्या कन्या. ‘सीके’ नागपूरचे. १९२३ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झाले. होळकरांच्या त्या नगरीत चंद्राताईंनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि शासकीय कन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून त्या निवृत्त झाल्या. १९७७ साली इंदूरला झालेल्या मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याचे समालोचन त्यांनी केले. देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्या ओळखल्या जातात. भारतीय महिलांनी पहिली कसोटी खेळली, त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते!

पित्याच्या नावामुळे संधी मिळाली, असे कोणी म्हणेल. नाव फार तर दार उघडून देते. पुढच्या षटकाचे वर्णन नाव करीत नाही. गोलंदाजाची चाल, क्षेत्ररक्षकांची जागा, फलंदाजाचा पवित्रा आणि धावफलक हे सारे पुढचा चेंडू पडण्याआधी सांगायचे, तर खेळ मुरलेला लागतो आणि वाणीवर हुकमत लागते.

पुढे २००३ च्या विश्वचषकात खेळाच्या चर्चेपेक्षा दूरचित्रवाणीवरील निवेदिकेच्या पेहरावाचीच चर्चा अधिक रंगली. दोष त्या निवेदिकेचा नव्हे. स्त्रीकडे ज्ञान मागण्याऐवजी केवळ दर्शन मागणाऱ्या बाजारवृत्तीचा तो दोष आहे. स्त्रीला पडद्यावर आणले म्हणजे तिचा सन्मान झाला, असे मानणे ही आत्मवंचना होय.

परंतु केवळ बाजाराकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारणाऱ्या गार्गीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. आपल्या दिवाणखान्यात मात्र सामना रंगात आला, की चहासाठी मुलीलाच उठवले जाते. तिने पायचीतच्या निर्णयावर मत दिले, तर भाऊ हसतो आणि वडील ते हसणे चालवून घेतात. गार्गीचा वारसा सांगणाऱ्या घरांना हे शोभत नाही.

४ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, इंदूरला चंद्राताईंनी जगाचा निरोप घेतला. पित्याच्या आठवणींचे पुस्तक लिहून त्यांनी कन्येचे ऋण फेडले. त्यांचे ऋण आपण कसे फेडणार? पुतळे नकोत, पुरस्कारही नकोत. पुढच्या सामन्याच्या वेळी घरातल्या मुलीला एवढेच विचारावे, ‘बाळ, तुला काय वाटते?’ आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.