मुरुमे आणि अँटिबायोटिक

सातपूर-अंबडच्या भगिनी आम्हाला विचारतात, मुलीच्या मुरुमांवर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणाव्यात का? आमचे सांगणे, आणू नयेत.

डॉक्सीसायक्लीनसारख्या अँटिबायोटिकने लाल, पुवाळलेली मुरुमे बसतात, हे खरे. पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि डॉक्टर सहसा ३ महिन्यांपुढे ती देत नाहीत. मनाने घेत राहिल्यास जंतू निर्ढावतात; मग मोठ्या आजारात औषध लागू पडत नाही. या गोळीने ऊन बाधते, छातीत जळजळते. म्हणून भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. गरोदर बाईने घेऊ नये.

पाकिटावरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नको. २०१६ साली केंद्र सरकारने तशी मोहीमच काढली. मुलीला जिल्हा शासकीय रुग्णालयात दाखवा. पारखून मगच स्वीकारा, ही तथागतांची शिकवण औषधालाही लागू आहे.

जय भीम!