सिद्दीच्या कपाळावरचा कोकणस्थ

माणसाला देश बदलायचा तर पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, विमानाचं भाडं लागतं. जात बदलायची म्हटली तर अख्खा जन्म खर्ची पडतो आणि तरी ती बदलत नाही ती नाहीच. पण हे सगळं काम रंगाच्या एका डबीत आणि पंधरा मिनिटांत उरकता येतं, असा ठाम विश्वास बाळगणारा एक वर्ग आपल्यात आहे. त्याला नाटक-सिनेमावाले म्हणतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या डबीशी आहे.

हे भांडण मी अलिबागेत बसून करतोय, याला कारण आहे. अलिबागहून मुरूडची एस.टी. पकडा. अंतर पन्नासेक किलोमीटर. खड्ड्यांची खोलीही धरली तर थोडं जास्त. गाडी सुटायच्या आधी गावातली इस्रायल आळी बघून घ्या. जहाज फुटून आपले पूर्वज इथल्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं सांगणारे बेने इस्रायल इथले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांचं नाव ‘शनिवार तेली’ ठेवलं. पुढे चौल, मग रेवदंडा, मग कोर्लई. पोर्तुगीज १७४० साली हा मुलूख सोडून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेचं मराठीशी लग्न लागलेलं अपत्य अजून बोललं जातं. वाटेत कोळीवाडे आहेत. आणि शेवटी राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. आफ्रिकेच्या हबसाणातून आलेल्या सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्यांचं संस्थान थेट १९४८ साली विलीन झालं.

एका तिकिटात इतकी माणसं भेटत असताना सिनेमावाले आमच्याकडे येतात ते समुद्र बघून. समुद्र खरा, होडी खरी, पाटीतले बोंबीलसुद्धा खरे. कोळी तेवढा अंधेरीहून येतो! आला की त्याला लाल टोपी आणि सुरका चढवतात. आमचा कोळी हल्ली टी-शर्ट घालून, जीपीएस बघत ट्रॉलर चालवतो. तो काठावर उभा राहून ही गंमत बघतो आणि संध्याकाळी विचारतो, ‘आमच्यात असं कोन बोलतं?’ बिचाऱ्याला माहीत नसतं की सिनेमातला कोळी एका वेगळ्याच कोळीवाड्यात राहतो. तिथे मासे मारत नाहीत. दिवसभर नाचतात.

बाहेरच्यानं आपलं सोंग घेतलं, की मात्र आपल्याला चटका बसतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात प्रोफेसर नारायण गोडबोले नावाचा एक दख्खनी ब्राह्मण घातला. १९८४ साली डेव्हिड लीननं तिचा सिनेमा केला. गोडबोल्यांचं काम कुणाला द्यावं? सर ॲलेक गिनेस यांना! नट म्हणून केवढा मोठा माणूस. पण तपकिरी रंग लावला, पगडी घातली, की लंडनचा माणूस गोडबोले होतो होय? आमच्या आळीत याच आडनावाचे एक गृहस्थ आहेत. नारळीपोफळीची वाडी, मधुमेह आणि सख्ख्या चुलतभावाविरुद्ध एक दिवाणी दावा, असा त्यांचा ऐवज. त्यांनी हा सिनेमा पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला, ‘या माणसानं जन्मात आमसुलाचं सार प्यालेलं नाही.’

मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. पण त्याच सिनेमात डॉक्टर अझीझ या मुसलमानाचं काम व्हिक्टर बॅनर्जींनी केलं होतं. बंगाली बॅनर्जींचा अझीझ झाला, याबद्दल आळीत कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८२ च्या ‘गांधी’मध्ये, गुजराती कस्तुरबांचं काम आपल्या रोहिणी हट्टंगडींनी केलं. त्याबद्दल त्यांना इंग्लंडचं बाफ्ता पारितोषिक मिळालं, तेव्हा आपली छाती दोन इंच फुगली, आणि फुगावीच. थोडक्यात नियम असा दिसतो: आपला माणूस दुसऱ्याचं सोंग घेतो ती कला, आणि दुसरा आपलं घेतो ती थट्टा.

आता जरा आपल्याच रंगपटात डोकावू.

काही वर्षांपूर्वी आमच्या इकडच्या एका मंडळानं गणपतीत ऐतिहासिक नाटक बसवलं. मी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटकातलं प्रत्येक वाक्य सर्वांत आधी बोलूनही ज्याला टाळी मिळत नाही, तो. सिद्दीचं काम दिवसा पतपेढीत कर्जाचे अर्ज नामंजूर करणाऱ्या एका गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या गृहस्थांकडे होतं. मेकपवाल्यानं त्यांना कपाळापासून कोपरापर्यंत काळं केलं आणि दिग्दर्शकानं भूमिकेचं सार सांगितलं, ‘तुम्ही फक्त हसा. दर वाक्याला हसा.’ पहिला अंक ठीक गेला. पण भाद्रपदातला आमचा उकाडा आणि वर हजार-हजारचे दिवे! दुसऱ्या अंकात सिद्दीच्या कपाळावरून कोकणस्थ डोकवायला लागला. तिसऱ्या अंकापर्यंत गालांवर जंजिरा आणि कपाळावर चिपळूण अशी सरळ वाटणी झाली होती. लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो असतो, पण हातात वही होती.

तिसऱ्या रांगेत मुरूडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. जुन्या सिद्दी घराण्यातले. सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. नाटक संपल्यावर ते आत आले, ‘छान झालं हो नाटक’ म्हणाले. पाहुण्यानं म्हणावं तसं. नातू मात्र खोबरेल लावून तोंड पुसणाऱ्या सिद्दीकडे टक लावून बघत होता. त्यानं विचारलं, ‘काका, तुम्ही एवढ्या मोठ्यांदा का हसत होता? आमचे आजोबा तर हसताना तोंडावर हात धरतात.’

रंगपटात एकदम शांतता झाली. शिक्षकांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘चला, शेवटची गाडी जाईल.’

तेव्हापासून मी या हसऱ्या सिद्दीच्या मागे लागलोय. हा आला कुठून? इतिहासातून तर नाही. १६५९ साली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी निवडक दहा अंगरक्षक बरोबर नेले. त्यांत एक सिद्दी इब्राहीम होता. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पण तो वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो गेला, तो सिद्दी हिलाल. त्या लढाईत त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे त्या वेढ्यात दोन्ही बाजूंना सिद्दी होते. आता आठवून सांगा, यांतल्या कुणाला रंगभूमीवर काळं फासलेलं तुम्ही पाहिलंत? मी आजवर पाहिलेल्या नाटकांत वेढा घालणाऱ्या सिद्दीला डबीच्या डबी लागते. वेढा फोडणारा सिद्दी एक तर नाटकातच नसतो, नाही तर मावळ्यांच्या घोळक्यात मावळ्यांच्याच रंगाचा उभा असतो. तेव्हा डबीतला तो काळा रंग कातडीचा नव्हेच. तो पक्षाचा आहे.

यावर आमचे नाट्यप्रेमी मित्र खवळतात. म्हणतात, ‘मग काय, कोळ्याचं काम कोळ्यानंच करायचं आणि सिद्दीचं सिद्दीनंच? उद्या खुनी माणसाच्या कामाला येरवड्याहून नट आणशील! अरे, अभिनय म्हणजे परकायाप्रवेश!’

कबूल. एकदम कबूल. जन्मदाखला बघून भूमिका वाटायच्या झाल्या तर ते नाटक नव्हे, शिरगणती होईल. पण शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केला तो, कथेप्रमाणे, त्याचं आयुष्य आतून जाणून घ्यायला. तोंडाला रंग लावून दरवाजात उभं राहणं याला प्रवेश म्हणत नाहीत.

खरा परकायाप्रवेश बघायचा असेल तर लांब जायला नको. सिनेमात नुसतं ‘डेव्हिड’ म्हणून ओळखले जाणारे ते बुटके, गोड चेहऱ्याचे नट आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर म्हणजे आमच्या चौलचे! बेने इस्रायल. ‘बूट पॉलिश’मध्ये (१९५४) ते ख्रिस्ती जॉनचाचा झाले आणि फिल्मफेअर पारितोषिक घेऊन गेले. ‘खट्टा मीठा’त (१९७८) पारशी झाले, ‘गोलमाल’मध्ये (१९७९) डॉक्टर केदार झाले. आणि हे घराणं एकट्या चौलचं नव्हे. १९३१ साली आलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ ज्या नाटकावर बेतला होता, ते जोसेफ डेव्हिड पेणकरांचं. पेणकर म्हणजे कुठले, हे रायगडवाल्यांना सांगायला नको. चेऊलकरांनी पारशी केला तेव्हा कुठली डबी उघडली होती? त्यांनी उघडे ठेवले होते ते कान.

आणि चेऊलकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, तीच महत्त्वाची. त्यांना दुसऱ्यांची कामं मिळाली. एका तेली समाजातल्या, मूठभर लोकांच्या धर्मातल्या माणसाला कुणी म्हटलं नाही की, ‘बाबा रे, यहुद्याचं काम निघालं की कळवू.’ तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. कोकणस्थानं सिद्दी करावा, जरूर करावा. पण मग सिद्दीनंही कोकणस्थ करावा. कोळीण अंधेरीची चालेल. पण मग थळच्या कोळणीला डॉक्टरीण, कलेक्टरीण आणि ‘एकच प्याला’तली सिंधू करू द्या. रस्ता एकाच बाजूनं चालू असेल तर त्याला कला म्हणत नाहीत. एस.टी. महामंडळाच्या भाषेत त्याला ‘फक्त जाण्याचं तिकीट’ म्हणतात.

‘पण आमचा नट ते काम इतकं उत्तम करतो!’ हा शेवटचा मुद्दा. करत असेल. बालगंधर्वांइतकं उत्तम तर करत नसेल ना? बायकांनी त्यांचं बघून नऊवारी नेसायला शिकावं, असं ते स्त्रीपात्र होतं. पण त्यांचं काम उत्तम होतं, हे बाईला रंगभूमीवर येऊ न देण्याचं कारण कसं होऊ शकतं? १९३३ साली नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, त्यात बायकांची कामं बायकांनी केली. रंगभूमी कोसळली नाही. उलट पुढे इतक्या थोर अभिनेत्री झाल्या की आज त्यांच्याशिवाय मराठी नाटक डोळ्यांपुढे येत नाही. बालगंधर्वांचं मोठेपण त्यानं तसूभर कमी झालं नाही. उत्तम सोंग हे सोंगाचं समर्थन आहे. बंद दाराचं नव्हे.

राहता राहिला व्यवहार. निर्माते म्हणतात, ‘सिद्दी नट आणायचे कुठून?’ अगदी आफ्रिकेतून आणायचे असल्यासारखा चेहरा करून म्हणतात. अहो, शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दींची गावं आहेत. तिथून पुढे येऊन हेग्गोडूच्या नीनासममध्ये नाटकाचं शिक्षण घेतलेले प्रशांत सिद्दी आणि गिरिजा सिद्दी कन्नड नाटक-सिनेमांतून कामं करतात. गाडी हेग्गोडूपर्यंत जाते. इच्छा मात्र दादरच्या पुढे सरकत नाही!

म्हणून माझी मागणी साधी आहे. डबी फेकून द्या असं मी म्हणत नाही; वग, लळित, दशावतार यांच्या देशात असं म्हणणारा मी कोण? पण माणसाचा अख्खा वंश त्या डबीत मावतो हा समज तेवढा फेका. सिद्दी लिहायचा तर आधी मुरूडची गाडी पकडा, चार सिद्दी घरांत चहा घ्या, ते हसतात कसे ते बघा. कोळी करायचा तर पहाटेच्या लिलावाला उभे राहा; शिव्या फुकट शिकायला मिळतील आणि त्या अस्सल असतील. आणि पुढच्या गणपतीत नाटकाचं वाटप करताना एखाद्या सिद्दी पोराला सिद्दीचं काम मुळीच देऊ नका. त्याला बाजीप्रभू द्या. पन्हाळ्याच्या त्या वेढ्यात त्याच्याही पूर्वजांचं रक्त सांडलेलं आहे.

आणि कुणी सांगावं, उद्या ‘पॅसेज टु इंडिया’ पुन्हा निघेल आणि त्यात मुरूडचा एखादा सिद्दी नट प्रोफेसर गोडबोले करील. आमच्या आळीतले गृहस्थ आणि मी, पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढून बसू. रंग कसाही असो. त्यानं आमसुलाचं सार प्यालेलं असेल.