पहिल्या रात्रीची शिदोरी

वाचकहो, यावेळच्या टपालात एका भगिनींचे पत्र होते. त्यांचे यजमान त्रेसष्ट वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी सायकल हाती घेतली. नोव्हेंबरात २०० आणि डिसेंबरात ३०० किलोमीटरची बीआरएम वेळेत पूर्ण केली आणि आता जानेवारीत ४०० किलोमीटरसाठी नाव नोंदवून ते मोकळे झाले आहेत. रक्तदाबाची एक आणि मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू आहेत. “जाऊ नका असे सांगून पाहिले, ते ऐकत नाहीत. निदान बरोबर काय बांधून देऊ, ते तरी सांगा,” असे बाईंनी लिहिले आहे. प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या त्यांचा नाही. साठीनंतर सायकलवर बसलेली कितीतरी माणसे आज आपल्या आसपास आहेत, आणि त्यांच्या मागे घरी जागणारी माणसेही.

ज्यांना बीआरएम हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत कापायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. या उपक्रमाचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेचे आहेत आणि आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया ते राबवते. परदेशांत डोंगरी सायकलींच्या चोवीस तासांच्या शर्यती होतात. तिथे एकाच वर्तुळाकार वाटेवर फेऱ्या मारायच्या असल्याने स्पर्धक तंबूत संसार मांडून ठेवू शकतो आणि दर फेरीला त्याला हवे ते मिळते. इथे तसे नाही. ठरलेल्या तपासणी नाक्यांखेरीज कोठेही घरच्यांची मदत घेता येत नाही, मागे गाडी ठेवता येत नाही. जे लागेल ते सायकलवरच असले पाहिजे. म्हणून काय बरोबर घ्यावे या प्रश्नाला इतके महत्त्व आहे.

मी हे गृहीत धरतो की यजमानांनी आपल्या डॉक्टरांना “मी सायकल चालवतो” एवढेच न सांगता “मी रात्रभर, सत्तावीस तास सायकल चालवणार आहे” असे स्पष्ट सांगितले आहे. दोन्ही वाक्यांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात. सांगितले नसेल तर पुढचा मजकूर वाचण्याआधी ते काम करावे.

प्रथम प्रकाश. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि सातनंतर उगवतो. मधला काळोख जवळजवळ तेरा तासांचा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर पडते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे ज्या दिव्यात तुमच्या नातवाला खड्डा स्वच्छ दिसतो, त्याच दिव्यात तुम्हाला तो दिसेलच असे नाही. समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोताने दिपलेले डोळे सावरायलाही या वयात जास्त वेळ लागतो. तेव्हा पुढे दोन दिवे आणि मागे दोन दिवे, सगळे सायकलला पक्के बसवलेले. दिव्याच्या खोक्यावर छापलेले तास बहुधा सर्वांत मंद उजेडाचे असतात. त्यावर विसंबू नये. एका संध्याकाळी घरातच दिवा पूर्ण भारून हव्या त्या उजेडावर लावून ठेवावा आणि तो किती वाजता विझतो ते लिहून ठेवावे. तो आकडा खरा. त्यावरून पॉवर बँक किती मोठी लागेल ते ठरेल.

रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते. ते सर्वजण घालतात आणि पुष्कळजण त्यावर पाठपिशवी चढवतात, म्हणजे मागच्या वाहनाला जे दिसायला हवे तेच झाकून टाकतात! सामान खोगिरामागच्या आणि दांडीवरच्या पिशवीत बांधावे. पाठ मोकळी राहिली तर कंबरही दुवा देईल. मोतीबिंदू सुरू झाला असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय रात्रीच्या वाटेला जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. आणि चाळिशी विसरू नका. रात्री एक वाजता टायरमध्ये रुतलेला बारीक काटा चाळिशीवाचून दिसत नाही. तो आतच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. त्यासाठी कपाळावर बांधायचा एक छोटा दिवाही हवा. दोन्ही हात मोकळे राहतात.

दुरुस्तीच्या साहित्यात फार रमण्याचे कारण नाही. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचे ठिगळ, लहान पंप, षटकोनी किल्ल्यांचा जोड, साखळीचा एक जादा दुवा. ट्यूब बदलायची सवय मात्र घरी, दिवे मालवून, दोनदा तरी करून पाहावी. संधिवाताने बोटे आखडत असतील तर टायर काढण्याइतका जोर हातात आहे का, हे रस्त्यावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेले बरे.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानी धरावी. सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते. ती सूर्योदयाच्या अगदी आधी असते, म्हणजे शरीर सर्वांत थकलेले असते तेव्हा. घाट चढताना आलेला घाम उतरताना वाऱ्याने गार पडतो आणि म्हाताऱ्या शरीराला पुन्हा ऊब धरायला वेळ लागतो. म्हणून वारा अडवणारे पातळ जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कोरडी बनियन. ही बनियन चढ संपल्यावर, उतरणीला लागण्यापूर्वी बदलायची असते. थंडी वाजू लागल्यावर नव्हे. काहीच नसेल तर चहाच्या टपरीवरचे वर्तमानपत्र छातीशी, जाकिटाच्या आत धरावे. जुने सायकलपटू हेच करत आले आहेत आणि ते खरोखर चालते. गादीच्या चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. शिवणीने कातडी सोलवटते. मधुमेह्याची सोलवटलेली कातडी लवकर भरत नाही, म्हणून व्हॅसलीनची छोटी डबी हवीच.

आता औषधे. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घरची माणसे इथेच सर्वांत उपयोगी पडतात.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत घसरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनने ती श्रमांत घसरू शकते, आणि श्रम थांबल्यावर कित्येक तासांनीही घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका वेगळा: दीर्घ श्रम, अपुरे खाणे आणि पाण्याची कमतरता एकत्र आल्यास रक्तात आम्ल वाढू शकते. म्हणून त्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, कोणती थांबवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे जितके चूक, तितकेच नेहमीचीच मात्रा डोळे झाकून घेणेही चूक.

ग्लुकोमीटर, सुया आणि पट्ट्या बरोबर हव्यात. बोट टोचण्यापूर्वी ते पाण्याने धुऊन कोरडे करावे. बोटाला चिक्कीचा किंवा केळ्याचा गोडवा लागलेला असेल तर आकडा खोटाच वाढीव येतो आणि साखर खाली असताना माणूस निर्धास्त राहतो. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे. भगिनींनो, हे १५ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजून त्याच्या सहा-सात पुड्या बांधून द्या. हात थरथरत असताना, काळोखात, डब्यातून चमचे मोजले जात नाहीत. या कामाला चॉकलेट चालत नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल जातीची गोळी चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. घाम तेवढा येतो, पण सायकल चालवणाऱ्याला घामाची काय नवलाई! अशा माणसाने ‘वाटेल तेव्हा’ नव्हे, घड्याळ लावून साखर तपासावी.

वेदनाशामक गोळ्या बरोबर देऊ नयेत. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन गुडघा गप्प बसतो खरा, पण अंगातले पाणी कमी झालेले असताना ती गोळी मूत्रपिंडावर घाव घालते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. सर्दीची गुंगी आणणारी गोळीही घरीच राहू द्यावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल आणि पडून डोक्याला मार लागला, तर वरून काहीही दिसत नसले तरी थेट रुग्णालय. “मला बरे वाटते आहे” हे त्या वेळी ऐकायचे नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत साधे पाणी, दुसरीत ओआरएस. एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्येच विरघळवावे. बाटली पाऊण लिटरची असेल तर पाकिटाचा पाऊण भागच घालावा. त्यात साखर आहे म्हणून मधुमेह्याने घाबरू नये. लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असते आणि या श्रमांत ते खर्ची पडते. फळांच्या चवीचे गोड तयार पेय म्हणजे ओआरएस नव्हे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा तहान लागण्याची वाट पाहू नये. पण भीतीपोटी नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, भ्रम होतो आणि बघणाऱ्याला तो थकवाच वाटतो.

खाण्याला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे एक-दोन केळी. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची दशमी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे हे सगळे बाजारच्या महागड्या पुड्यांपेक्षा आपल्या पोटाला ओळखीचे आहे. दात कृत्रिम असतील तर चिक्की नको. कवळी चिकटून बसते.

एक छोटा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून पुढच्या खिशात ठेवावा: नाव, रक्तगट, आजार, औषधे मात्रेसह, ॲलर्जी, घरचे दोन दूरध्वनी क्रमांक. फोनचे कुलूप अनोळखी माणसाला उघडता येत नाही, कागद उघडता येतो. पाचशे-सातशे रुपये सुट्या नोटांत असावेत. टेम्पोवाल्याने सायकलसह आणून सोडायचे झाले तर ते लागतात. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटासाठी ११२.

आता घरी राहणाऱ्यांची शिदोरी. नियमानुसार किमान वेग ताशी १५ किलोमीटर धरलेला असतो. पहाटे सहाला निघाले तर १०० किलोमीटरवरचा नाका दुपारी १२.४० ला बंद होतो, २०० चा सायंकाळी ७.२० ला, ३०० चा रात्री २ वाजता, आणि शेवट सकाळी ९ ला. हे वेळापत्रक फ्रिजवर लावा. प्रत्येक नाक्यावरून त्यांनी एक संदेश पाठवायचा. मधल्या काळात तुम्ही फोन करायचा नाही. काळोखात एका हाताने फोन काढणारा सायकलस्वार मला साखर उतरलेल्या सायकलस्वाराइतकाच धोक्यात दिसतो. नाका बंद होऊन तासभर झाला आणि संदेश नाही, तर आयोजकांना फोन करा. तो क्रमांक आधीच घेऊन ठेवा. मुलाला गाडी घेऊन जायचेच असेल तर त्याने नाक्यावर थांबावे. तिथे मदत चालते. कोरडे मोजे, गरम पेज आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे एक नीट नजर. बोलणे अडखळते आहे का, उत्तरे उशिरा येताहेत का, छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे आहे का, हे विचारावे. होय असे उत्तर आले तर चर्चा संपली, सायकल गाडीत. नुसती झोप येत असेल तर वीस मिनिटांचा गजर लावून तिथेच आडवे व्हावे. पहाटे तीन ते पाच हा सर्वांत झोपाळू काळ असतो, आणि त्या वेळी रस्त्यावरचे ट्रकचालकही झोपेशीच झगडत असतात.

पूर्ण करून आले तर परतीच्या वाटेवर त्यांना गाडी चालवू देऊ नका. कौतुक करा, आंघोळीचे पाणी काढा, पोटभर जेवू घाला. त्या रात्री मात्र निजण्यापूर्वी साखर तपासा. आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर दूध-पोळी खाऊनच त्यांना झोपू द्या. ग्लुकोजच्या उरलेल्या पुड्या उशाशी ठेवा आणि मध्यरात्री एकदा उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहा. कपाळ घामाने ओले लागले तर हाक मारून जागे करा आणि बोट टोचून साखर पाहा. हाकेला जाग येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.