पालातल्या माणसाची बातमी

“मुले पळवणारी टोळी आली आहे, मुलांना सांभाळा.” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. पूर्वी ते ओट्यावरून पसरे, आता मोबाइलवरून पसरते. टोळीतला माणूस दिसतो कसा, हे मात्र कुणी सांगावे लागत नाही. खांद्याला झोळी, अंगावर मळकी कफनी, बोली वेगळी, मुक्काम गावाबाहेर. हे चित्र आपल्या मनात कुणी काढले?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावच्या आठवडी बाजारात, याच चित्राने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षुक होते, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ठेचून मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. नंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण अफवेला पाय फुटतात ते आधीपासून रुजलेल्या समजुतीमुळे, आणि तिच्यावर मर्यादा कोण घालणार?

ही समजूत फक्त आपलीच आहे असेही नाही. युरोपात रोमा नावाचा समाज आहे. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेलेले हे लोक आजही पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि पाचाला ‘पांज’ म्हणतात. तिकडची वृत्तपत्रे, कथा, चित्रपट यांनी त्यांना चोर, ठक आणि मुले पळवणारे म्हणूनच रंगवले. सर्व्हांटिसच्या १६१३ मधल्या कथेत आणि ह्यूगोच्या १८३१ मधल्या कादंबरीतही त्यांनी पळवलेली मुलगी आहेच. हिटलरच्या राजवटीत अडीच ते पाच लाख रोमा मारले गेले असा अंदाज आहे, तरी चित्र पुसले गेले नाही. २०१३ साली ग्रीसमध्ये एका रोमा कुटुंबात सोनेरी केसांची मुलगी सापडली, तेव्हा ती पळवलेलीच असणार अशा बातम्या जगभर झळकल्या. डीएनए तपासणीत तिची जन्मदातीही बल्गेरियातली रोमा स्त्रीच निघाली. पहिली बातमी पहिल्या पानावर आली. खुलासा किती जणांनी वाचला असेल?

आपल्याकडे या समजुतीला कायद्याचा शिक्का मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण भाषेतून सुटल्या नाहीत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आपण वाचले, त्यांना साहित्य अकादमीचे पुरस्कारही मिळाले. तरी तुरुंगांच्या नियमावल्यांमधले या समाजांविषयीचे भेदाचे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द करावे लागले.

मग वर्तमानपत्राच्या पानाकडे पाहू. चोरीचा आरोपी बंगल्यातला असेल तर बातमीत त्याचे नाव येते, वय येते, जात येत नाही. आरोपी पालातला असेल तर मथळ्यातच जमात येते आणि तिला ‘टोळी’ हा शब्द जोडला जातो. यावर कुणी म्हणेल, त्यांच्यातले काही जण चोरी करतात हे खोटे का? खोटे नाही. पण तसे ते प्रत्येक जातीत खरे आहे. ज्याने गुन्हा केला त्याचे नाव छापा, त्याला शिक्षा होऊ द्या. त्याच्या जमातीचे नाव छापले की ज्यांनी काही केले नाही त्या साऱ्यांवर संशय जातो, आणि त्यांची पोरे शाळेत गेली की तोच मथळा त्यांना ऐकवला जातो.

आमचे नवीन जालना लोखंडाचे आणि बियाण्यांचे गाव. इथल्या भट्ट्यांतून निघालेल्या सळया दूरवर जातात. पण रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी घडवणारा घिसाडीही लोखंडाचाच कारागीर आहे. त्याच्या कामाची, त्याच्या रेशनकार्डाची, जातीच्या दाखल्यासाठी त्याने घातलेल्या खेट्यांची बातमी किती वेळा येते? चोरीचा संशय आला की मात्र बातमीदार पालापर्यंत पोहोचतो.

संपादकांनी काय करावे हे उघड आहे: जमातीचे नाव काढल्यावरही बातमी पूर्ण होत असेल तर ते काढावे. वाचकांनीही हीच कसोटी लावावी आणि बातमी पटली नाही तर दैनिकाला दोन ओळींचे पत्र टाकावे. घरच्या मोबाइलवर टोळीचा संदेश आला तर तो पुढे न ढकलता ११२ क्रमांकावर पोलिसांना विचारावे. आणि दारात झोळीवाला उभा राहिला की लेकराला त्याचा धाक घालून जेवू घालण्याची आपली जुनी सवय आजपासून सोडावी. त्या लेकराच्या मनातले पहिले चित्र आपणच काढत असतो.