हाताची फिर्याद आणि डोळ्याची फिर्याद

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मुख्य ठाणे असलेल्या गिब्सन कंपनीने २०१५ सालाकरिता ज्या विद्युत-गिटारी बाजारात आणल्या, त्यांच्याविरुद्ध वाद्यशौकिनांनी असा काही गिल्ला केला की पुढच्याच वर्षी कंपनीला आपल्या मालाचे सरळ दोन विभाग करावे लागले : जुन्या धाटणीच्या वाद्यांचा ‘ट्रॅडिशनल’ आणि नव्या सोयींनी युक्त अशांचा ‘हाय परफॉर्मन्स’. हे प्रकरण तेव्हापासून दोन तऱ्हांनी सांगितले जाते. कोणी त्यात सुधारणेला आडवे येणाऱ्या सनातन्यांचा हट्ट पाहतो, तर कोणी धन्याची मग्रुरी. आणि मला या दोन्ही कैफियती अर्धवट वाटतात. शौकिनांच्या तक्रारींची जंत्री सावकाश चाळली तर तीत दोन अगदी भिन्न जातींच्या फिर्यादी एकाच कागदावर नोंदलेल्या आढळतात. एक हाताची, दुसरी डोळ्याची. पहिलीची सुनावणी कारखानदाराने तत्काळ करावी आणि दुसरी खुशाल तहकूब ठेवावी, असे माझे मत आहे.

२०१५ हे लेस पॉल या वादक-संशोधकाच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्याच्या नावाची गिटार गिब्सनने १९५२ साली काढली आणि कंपनीची कीर्ती मुख्यत्वे तिच्यावरच उभी आहे. या निमित्ताने वाद्याच्या शिरोभागी त्याच्या हस्ताक्षराच्या वळणाचे नाव आले आणि मागील बाजूस त्याची चमकती त्रिमितीय तसबीर चिकटवली गेली. पण तेवढ्यावर भागले नाही. मान रुंद करण्यात आली. तारा जिच्यावरून मानेवर उतरतात ती हाडाची वा कृत्रिम द्रव्याची पट्टी जाऊन तिच्या जागी खालीवर करता येणारी पितळेची पट्टी बसली. आणि खुंट्यांच्या ठिकाणी ट्रॉनिकल या जर्मन कंपनीच्या तंत्रावर चालणारी ‘जी फोर्स’ नावाची स्वयंचलित यंत्रणा आली, जी लहानशा मोटारींच्या साहाय्याने तारा आपोआप सुरात आणीत असे. किमतीही वाढल्या. या फेरफारांपैकी प्रत्येकाचे स्वतंत्रपणे समर्थन करता येईल. परंतु हे सारे एकाच साली, बहुतेक सर्व प्रकारांवर, नको म्हणणाऱ्यास दुसरी वाट न ठेवता लादणे, हा कारभार फर्मान काढणाऱ्याचा होता, वाद्य विकणाऱ्याचा नव्हे.

मानेची रुंदी ही बाहेरच्यास क्षुल्लक वाटणारी बाब आहे. वर्षानुवर्षे एकाच अंतरावर तारा दाबण्याची सवय जडलेला पंजा ते अंतर मनाला न विचारता मोजत असतो आणि त्यात किंचितही बदल झाला की जे काम बोटे आपसूक करीत होती ते बुद्धीला करावे लागते. मग वादक संगीताचा विचार सोडून मानेचा विचार करू लागतो. म्हणून ही फिर्याद खरी. स्वयंचलित खुंट्यांची गोष्ट थोडी नाजूक आहे. एकाच कार्यक्रमात वारंवार वेगळ्या सुरावटीत तारा लावणाऱ्यास त्या निश्चितच उपकारक होत्या. परंतु बाकीच्यांसाठी वाद्याच्या शेंड्याला एक यंत्र आणि त्या यंत्राच्या बॅटरीची काळजी, एवढीच त्यांची मिळकत. शिवाय तार स्वतःच्या कानाने लावणे हा वादनाच्या आधीचा खटाटोप नसून वादनाचाच भाग होय, हे मैफिलीच्या आरंभी तंबोरे लागेपर्यंत न कंटाळता बसणाऱ्या मराठी श्रोत्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

डोळ्याच्या फिर्यादीचा इतिहास मात्र शौकिनांना फारसा भूषणावह नाही. टेड मॅकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना १९५८ साली ‘फ्लाइंग व्ही’ व ‘एक्सप्लोरर’ ही दोन कोनदार वाद्ये निघाली. ती खरेदीदारांना इतकी विचित्र वाटली की ‘फ्लाइंग व्ही’ची पहिल्या दोन वर्षांतील संख्या शंभराच्या आतबाहेरच राहिली. त्याच ‘व्ही’ आज संग्राहक अफाट किंमत मोजून घेतात. १९५८ ते १९६० या काळातील मावळतीच्या रंगाची लेस पॉल गिटार हीदेखील तेव्हा इतकी मंद खपली की १९६१ साली तिचा घाटच बदलून टाकण्यात आला. पुढे नामांकित वादकांच्या हाती जुने नग दिसू लागले, मागणी वाढली आणि १९६८ साली कंपनीला जुन्या घाटाची लेस पॉल पुन्हा बनवावी लागली. ज्या डोळ्याचा निकाल दहा वर्षांत फिरतो, त्याच्या भरवशावर कारखाना चालवणे धोक्याचे आहे. शताब्दीची ती तसबीर मलाही आवडली नव्हती, हे कबूल. पण तिच्यामुळे एकाही सुराचे वाकडे झाले नाही.

या दोहोंच्या मध्ये लाकडाचा तंटा पडतो आणि त्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. गिटारीच्या मानेवरील पट्टी शिसवीची वा आबनुसाची असण्याचा प्रघात जुना आहे आणि त्यातील पुष्कळ शिसवी भारतातून जाई. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या अंमलदारांनी गिब्सनच्या आवारांवर धाडी घालून भारतातून आलेला असा माल जप्त केला. त्यानंतर कंपनीने काही वाद्यांवर भाजलेल्या मेपलची पट्टी वापरली, तेव्हा आवाजाचा आत्माच हरपल्याची हाकाटी झाली. डोळे बांधून बसवले असते तर हाकाटी करणाऱ्यांपैकी कितींना तो फरक ओळखता आला असता, याविषयी मी साशंक आहे.

मे २०१८ मध्ये गिब्सनने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, तेव्हा अनेक शौकिनांनी आपला शाप फळाला आल्याचे समाधान मानले. वस्तुतः कंपनी बुडाली ती ध्वनियंत्रे व घरगुती उपकरणे यांच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाने; गिटारींचे खाते तेव्हाही फायद्यातच होते. नव्या चालकांनी २०१९ साली मालाची पुन्हा ‘ओरिजिनल’ व ‘मॉडर्न’ अशी वाटणी केली. पहिल्या विभागातील लेस पॉलला चक्क पन्नाशीचे वा साठीचे दशक नावातच जोडलेले आहे. शौकिनांनी तिचे तोंडभरून स्वागत केले. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्या विभागाने. कारण तेथे मानेचा आकार एका बाजूस थोडा निमुळता करून हात वर सरकताना सुख व्हावे अशी तजवीज आहे, आणि ती ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने जुनी घ्यावी, अशी मोकळीक आहे. २०१५ साली पितळेची पट्टी अशाच मार्गाने आली असती तर तिला सावकाश का होईना, पण चाहते मिळाले असते.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२० साली, गिब्सनच्याच मालकीच्या ‘एपिफोन’ या स्वस्त छापाच्या गिटारींना कंपनीच्या जुन्या कॅलमझू कारखान्याच्या वळणाचा शिरोभाग परत देण्यात आला, कारण मधल्या काळातील शिरोभाग कुरूप असल्याची ओरड फार दिवसांची होती. ही निखळ डोळ्याची फिर्याद, आणि तिची दाद लागली याचे मला वाईट वाटत नाही. गिब्सनच्या किमती ऐकून दुकानातून परतणारा विद्यार्थी शेवटी जी गिटार घरी नेतो ती बहुधा हीच असते, आणि तिच्यापुरते तरी त्याच्या डोळ्याचे ऐकायला काय हरकत आहे?