ढगांचा हिशेब

मृगाचा पाऊस लांबला की जालन्याच्या मोंढ्यात उधारीची वसुली थबकते. बियाणे आणि खत शेतकऱ्याच्या घरी पोहोचलेले असते, पेरणी खोळंबलेली असते आणि व्यापाऱ्याची नजर खातेवहीवरून आभाळाकडे वळते. अशा दिवसांत कृत्रिम पावसाच्या विमानाची वार्ता मोठा दिलासा देते. २०१५ व २०१९ मध्ये तत्कालीन औरंगाबादेहून अशी विमाने मराठवाड्यावर उडाली. तथापि, पडलेला पाऊस फवारणीमुळे पडला की एरवीही पडलाच असता, हा प्रश्न केवळ फवारणी करून सुटत नाही. त्यासाठी मोजणारे विमान लागते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानांद्वारे ढगांचा अभ्यास चालवला आहे. २०१८ व २०१९ मध्ये तिने सोलापूर हे पर्जन्यछायेतील ठिकाण निवडले. एक विमान ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळी; दुसरे ढगातील थेंबांचे आकारमान आणि संख्या टिपी. प्रयोगासाठी २७६ ढग निवडले होते. त्यांतील काहींवर फवारणी झाली, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि ही वाटणी यदृच्छेने ठरली. न फवारलेले ढग हेच या हिशेबाचे खरे भांडवल. त्यांच्याविना तुलना कशाशी करणार? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस १८ टक्क्यांनी वाढला. वाढ लक्षणीय खरी. पण मुळात योग्य ढगच नसेल, तर शून्याचे १८ टक्के शून्यच.

याहून कितीतरी उंच, सुमारे २० किलोमीटरवर उडणारी संशोधन विमाने जगात मोजकीच. अमेरिकेच्या नासाचे ईआर-२ हे यू-२ या हेरविमानाचे भावंड. १९८७ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासामागे क्लोरीन आहे, याचा भक्कम पुरावा त्याने आणला. उपग्रह असतानाही अशा विमानांची गरज सरलेली नाही, कारण हव्या त्या थरात शिरून हवेची तपासणी तीच करू शकतात. २०१७ च्या पावसाळ्यात ‘जिओफिजिका’ हे मूळचे सोव्हिएत विमान काठमांडूहून उडाले. मोसमी ढगांनी वर खेचून नेलेल्या हवेत त्यावरील उपकरणांना अमोनियम नायट्रेटचे कण आढळले. त्यांना लागणारा अमोनिया प्रामुख्याने शेतीतून येतो: जनावरांच्या शेणमूत्रातून, आणि मोंढ्यातून शेतावर जाणाऱ्या युरियातूनही.